शेवंता एक ते एक्केचाळीस

माणसं गाण्याला गाण्याचंच नाव देतात. आमचे मालक देत नसत. ‘लाईट गेली त्या दिवशीचं’, ‘दिगूला गोवर’, ‘तीन नंबर बंद’, ‘जॉबर जेवून गेला’, अशी सहा हजार आठशे नावं त्यांनी संगणकात एका बोटानं टंकून ठेवली आणि सहा वर्षांमागं ती तशीच माझ्या गळ्यात टाकून गेले. एखादं गाणं शोधायचं तर आधी आमच्या घराचा इतिहास पाठ पाहिजे. तो मला पाठ आहे. पण मी तिसरी शिकलेली. अक्षर लावून वाचते, सही ठसठशीत करते, मात्र पडद्यावरची यादी वाचायला बसले की निम्म्यात आमटी करपते.

मी विमल वरुटे. इचलकरंजीत आमच्या गल्लीत मला आक्का म्हणतात. घरचे धोट्याचे चार माग मालकांनी आणि मी, सासू असताना आणि सासूच्या माघारी, मिळून पस्तीस-चाळीस वर्षं चालवले. धोटा म्हणजे पोटात सुताची कांडी घेऊन मागाच्या या टोकाकडून त्या टोकाला धावणारं लाकूड. मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या, आणि दर फेरीला खटाक. असे चार माग एका शेडात लावले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ओठ वाचायचे, हातानं सांगायचं. आता गावात हवेच्या झोतावर चालणारे माग आलेत, त्यांना धोटा लागत नाही आणि माणूसही लागत नाही. आमचे चारही माग दोन हजार एकतीस साली भंगारात गेले. त्याला आता दहा वर्षं झाली. रिकाम्या शेडात मी पापड वाळवते आणि दुपारची तिथंच बसते.

बसून काय करते, ते कुणी विचारू नये म्हणून पापड.

खरं सांगायचं तर मला त्यांचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, ओठ आठवतात, मागावरचा धागा तुटला की ‘तार तुटली’ म्हणताना ते कसे हलायचे ते आठवतं. आवाज नाही. दिगूच्या लग्नाच्या व्हिडिओत ते आहेत, पाहुण्यांना हात जोडून काहीतरी बोलतात, आणि वर सनई लावून ठेवलीय. तो सनईवाला मला भेटला तर मी त्याची सनई मोडीन.

यंदा उन्हाळ्यात मालकांनी सगळ्या टेपा उतरवून ठेवलेली जुनी डिस्क टकटक करायला लागली. दिगू, माझा मुलगा, चाकणला कारखान्यात असतो, शनिवारी येतो. तो पेढ्याच्या डब्याएवढी एक पेटी घेऊन आला.

“आई, ही सगळी गाणी ऐकते, ओळखते, नीट नावं देते, खरखर काढते. एकाच गाण्याच्या दहा प्रती असल्या तर एक ठेवते.”

“आणि जेवते कधी?” मी विचारलं.

माझी सून प्रणोती हसली. ती इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते, माझ्याजवळ राहते, आणि मला घाबरत नाही. तेवढ्यासाठी मी तिला मानते.

पेटी बोलली, “नमस्कार आजी. मी आपला संग्रह लावायला मदत करीन.”

“आजी कुणाची? आक्का म्हण.”

“ठीक आहे, आक्का.”

मी तिचं नाव निवड्या ठेवलं. तांदूळ निवडतात तसा हा गाणी निवडणार.

प्रणोतीनं मला समजावून सांगितलं ते मला चांगलं कळलं, म्हणून सांगते. निवड्या गाणं ऐकत नाही, गाण्याचा ठसा घेतो. कुठल्या क्षणाला कुठला सूर सगळ्यात वर उठला, त्या शेंड्यांचा नकाशा काढतो. तेच गाणं दुसऱ्या टेपवर कितीही खरखरत असलं तरी शेंडे त्याच अंतरांवर उठतात. जुन्या टेपा कधी हळू फिरतात कधी जोरात, ते हा कापड ताणून सरळ करावं तसं ताणून घेतो. नकाशा नकाशावर बसला की गाणं एकच. शेंगदाण्याचं टरफल बघून झाड सांगणारी माणसं मी पाहिलीत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

पहिले दोन तास झकास गेले. ‘दिगूला गोवर’ हे एक नाट्यपद निघालं. ‘जॉबर जेवून गेला’मध्ये नुसता पाऊण तास तबला होता, माग दुरुस्त करायला येणारा तो जॉबर खरंच तेवढा वेळ जेवला होता. मग निवड्या म्हणाला, “आक्का, एक फोल्डर आहे. नाव ‘शेवंता’. त्यात एक्केचाळीस फाइली आहेत, शेवंता एक ते शेवंता एक्केचाळीस. सगळ्यांत एकच गाणं आहे.”

मी शेडात पापड उलटत होते, ते उलटत राहिले.

“शेवंता?” प्रणोती म्हणाली. “गाण्यात ते नाव आहे का?”

“नाही. रेडिओवरचं जुनं गाणं आहे, नावाड्याला पलीकडून हाक मारणारं. गाण्यात, गायिकेच्या नावात, कुठंच शेवंता नाही.”

दिगू डोकं खाजवायला लागला. प्रणोतीनं ओठ दाबून हसू धरलं. “बाबा छुपे रुस्तम निघाले की ओ! एक्केचाळीस वेळा! कोण होती ही शेवंता?”

“प्रणोती, गप ना,” दिगू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

शेवंता मी होते.

आमच्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं, विमल. मालकांनी लिहिलं. शेवंता शिरढोणला माहेरी राहिली. आई-वडील गेले, भाऊ गेला, आणि ते नाव घेणारं पृथ्वीवर कुणी उरलं नाही. सासरी ते एकट्या मालकांना ठाऊक होतं, आणि त्यांनी मला विमलसुद्धा कधी म्हटलं नाही. सासूबाई शेडाच्या दारात बसून कांड्या भरायच्या, कान असा तिखट की चुलीवरचं दूध उतू जायच्या आधी ऐकायच्या. त्यांच्यापुढं बायकोला नावानं हाक मारायची कुणाची छाती? ‘अगं’, ‘ऐकलंस का’, नाहीतर टाळी. त्या गेल्या तेव्हा आम्हाला तशीच सवय झाली होती. मीही त्यांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आणि उखाणाही तीनदाच.

आता त्र्याहत्तराव्या वर्षी मुलासुनेपुढं सांगू, की अरे, ती बाई मीच? लाज वाटली. लाजेला राग चढवायची मला सवय आहे.

“असेल कुणी,” मी म्हणाले. “एक्केचाळीस कशाला पाहिजेत? कर एक.”

“सगळ्यांत साफ प्रत ठेवतो,” निवड्या म्हणाला. “कायम करण्यासाठी अंगठा ठेवा.”

जन्मात मी कुठल्या कागदावर अंगठा उठवला नव्हता. बँकेत, नगरपालिकेत, सगळीकडे सही. त्या दिवशी पेटीवर अंगठा ठेवला.

चार आठवडे मी ते गाणं लावलं नाही. मग एका दुपारी प्रणोती शाळेत गेल्यावर शेडात बसले आणि म्हणाले, “निवड्या, ते नावाड्याचं लाव.”

लागलं. असं स्वच्छ, की बाई माझ्या पापडांच्या मधे उभी राहून गातेय. पण काहीतरी नव्हतं. मालक रेडिओपुढं टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायचे, घरात दुसरा मार्ग नव्हता. त्यामुळे आमच्या घरातलं एकूण एक गाणं मागाच्या खटखटीत बुडलेलं असायचं. चाळीस वर्षं मी त्या खटखटीला शिव्या घातल्या.

“निवड्या, माग कुठं टाकलास?”

“कोणता माग, आक्का?”

“खटाक खटाक. गाण्याच्या मागं होतं ते.”

“तो गोंगाट या प्रतीत मुळात नव्हताच. ही सतरा नंबरची प्रत. बाकी चाळीसांत होता.”

सतरा नंबर म्हणजे लाईट गेली असणार. माग बंद, रेडिओ सेलवर.

“बाकी चाळीस पुसलेस?”

“अजून नाही. चूक झाली तर परत करता यावं म्हणून तीस दिवस ठेवतो. पण पूर्ण ठेवत नाही, जागा वाया जाते. सगळ्यांत गाणं तेच आहे ना. म्हणून प्रत्येक प्रतीतून गाणं वजा करतो आणि उरलेला फरक तेवढा बाजूला ठेवतो.”

मी ते मागावर लावून बघितलं. कापडातले उभे धागे सगळ्या ठाणांत सारखेच, म्हणून ते एकदाच ठेवले, आणि आडवे धागे उसवून वेगळ्या कांड्यांवर गुंडाळून केराजवळ ठेवले. इतकंच त्यानं केलं होतं.

“म्हणजे त्या केरात गाणं नाही. बाकीचं सगळं आहे.”

“हो, आक्का. परवा रिकामा होईल.”

“लाव.”

आणि रिकाम्या शेडात चार माग सुरू झाले.

मी उठून उभी राहिले, हात आपोआप मागाच्या फणीकडं गेला आणि हवेत राहिला. बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं. तीन नंबरचा लंगडा होता, खट-खटाक, खट-खटाक. चौऱ्याण्णव साली जॉबरनं दांडा बदलला तेव्हा सरळ झाला. म्हणजे ही टेप त्याच्या आधीची. दुसऱ्या टेपेत एक आणि दोन नंबर बंद, दोनच माग: मी बाळंतपणाला गेलेली, मग माझ्या मागांवर कोण उभं राहणार? तिसऱ्या टेपेत कांडी संपत आली होती; सूत संपलं की धोटा हलका होतो आणि पातळ वाजतो. निवड्या त्याला गोंगाट म्हणत होता. मी तारखा वाचत होते.

नवव्या टेपेला तो म्हणाला, “आक्का, या ठिकाणी एक मानवी आवाज आहे. अस्पष्ट.”

“कुठल्या ठिकाणी?”

“पहिलं कडवं संपून बासरी सुरू व्हायच्या आधी गाण्यात तीन सेकंदांची शांतता आहे, तिथं. चाळीस फाइलींपैकी सदतीसांत त्याच जागी आहे. मागाची लय ठरावीक असल्यामुळे ती वजा करता येईल. करू?”

मी पोत्यावर बसले.

“कर.”

माग थांबले. एवढा मोठा आवाज बंद झाला की कानात पाणी गेल्यासारखं होतं. आणि त्या पाण्यातून एक पुरुष, तिशीतला, घसा थोडा बसलेला, अगदी सावकाश म्हणाला, “शेवंता.”

एवढंच. 

शेडात दोन माग त्यांचे होते, दोन माझे, पाठीला पाठ. टेपरेकॉर्डर त्यांच्या बाजूला. ते गाणं लागलं की ते बटण दाबत असणार, शांततेची वाट बघत असणार, आणि मागं वळून माझ्या पाठीला हाक मारत असणार. दारात त्यांची आई बसलेली. म्हणून चार मागांच्या खटखटीच्या आडोशाला. मी ओठ वाचले असते हो. दहा हातांवरून मी त्यांचे ओठ वाचायचे. पण मी सुताकडं बघत होते.

“पुढची,” मी म्हणाले.

सदतीसच्या सदतीस ऐकल्या. तिशीतला माणूस पन्नाशीचा झाला. पंचवीस आणि सव्वीस नंबरच्या टेपांत सर्दी होती. जिथं हाक नव्हती त्या तीनही टेपांत माझे दोन्ही माग बंद होते. म्हणजे मी घरात नव्हते. मी नसताना त्यांनी माझं नाव वाया घालवलं नाही.

“आता हे सगळं जसं होतं तसं परत कर.”

“कायम केलेलं उलटवायला मालकाची परवानगी लागेल, आक्का.”

“मालक वर गेलेत, बाबा.”

“पेटीचे मालक. दिगंबर वरुटे.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. दिगू आला, त्याला चहा दिला आणि सांगितलं, शेवंताच्या चाळीस फाइली मला परत पाहिजेत, उद्या केर रिकामा व्हायच्या आत.

त्यानं कप खाली ठेवला. “आई, जाऊ दे ना ते.”

“का जाऊ दे?”

“कशाला उकरून काढतेस? बाबा गेले. जे काय असेल ते त्यांच्याबरोबर गेलं.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “मला ते घरात ठेवायचं नाही. तुला त्रास झालेला मला चालणार नाही.”

तेव्हा मला कळलं, माझा मुलगा चार आठवडे बापाची लाज पाठीवर घेऊन चाकणला कामाला जात होता. आणि ती त्याच्या पाठीवर मी ठेवली होती, एक वाक्य बोलायला तोंड उघडलं नाही म्हणून.

प्रणोती ओट्याशी उभी होती. तिच्यापुढं मी कधी खाली मान घातली नव्हती. त्या दिवशीही घातली नाही. मान वर ठेवून बोलले.

“शेवंता म्हणजे मी. माझं माहेरचं नाव. तुमच्यापुढं सांगायची लाज वाटली म्हणून फाइली मोडायला अंगठा दिला. गाढव मी.”

प्रणोती येऊन माझ्याजवळ खाली बसली. “आई, एवढं गोड नाव लपवून ठेवलंत? आम्ही काय खाल्लं असतं?”

“तू हसत होतीस.”

“हसले, चुकलं माझं. ऐकवा.”

ऐकवलं. पाचवी टेप संपली तेव्हा दिगू उठून मोरीत तोंड धुवायला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बापासारखा दिसत होता, आणि त्याला एक कल्पना सुचली होती. त्याला कल्पना सुचल्या की मला भीती वाटते.

“आई, सदतीस नमुने आहेत. एवढ्यावर बाबांचा आवाज पूर्ण तयार होतो. मग ते रोज तुझ्याशी बोलतील. चहा झाला का विचारतील. हाक मारतील. निवड्या, होईल ना?”

“होईल. आवाज साधारण ब्याण्णव टक्के जुळेल.”

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी जेवताना एक पाट जास्तीचा मांडते आणि उचलून ठेवते. चहा झाला का, एवढं जरी कुणी त्या आवाजात विचारलं असतं तरी मी पुढची वर्षं बिनतक्रार काढली असती.

“काय बोलेल तो?” मी निवड्याला विचारलं.

“ते जे बोलले असते तेच, आक्का. अंदाज करून.”

“त्यांना एक शब्द बोलायला वीस वर्षं आणि चार माग लागले. तू अंदाज करून सकाळपासून बडबडायला लावशील. तसला माणूस मला ओळखीचा नाही.” मग दिगूला म्हणाले, “तू चांगल्या मनानं म्हणालास. पण नको. अंगठा दे.”

त्यानं अंगठा दिला. निवड्यानं गाणी, माग आणि हाका परत एकात एक विणल्या, चाळीसच्या चाळीस. आवाज तेवढा सुटा करून ठेवू का, स्पष्ट ऐकू येईल, असं त्यानं विचारलं. नको म्हणाले. जिथं बोलले तिथंच राहू दे, कुठं कान लावायचा ते मला आता ठाऊक आहे.

सतरा नंबरचीही सफाई उलटी करायला लावली. लाईट गेलेली, माग बंद, सगळं चिडीचूप. पहिलं कडवं संपलं. तीन सेकंदांत आडोसा नव्हता, म्हणून हाक नव्हती. त्या जागी एका तरण्या बाईचा आवाज आला, “नुसते बसलाय काय? कांड्या तरी भरा!”

प्रणोती पोट धरून हसली. दिगूही हसला. मीही हसले, आणि मग उठून परातीतले पापड उलटायला गेले, एकेक करून, सगळे.

नावं मात्र मी बदलू दिली नाहीत. सहा हजार आठशे फाइलींना निवड्यानं राग, गायक, साल सगळं जोडलं, ते खाली बारीक अक्षरात राहू दे म्हटलं. वर मालकांनी दिलेलंच नाव. ‘जॉबर जेवून गेला’ म्हणजे तो जेवूनच गेलेला असणार.

सोमवारी दोघं कामावर गेल्यावर मी शेडात गेले. त्यांचे माग जिथं होते तिथं फरशीवर अजून चार बोल्टांची भोकं आहेत. तिथं उभी राहिले. समोर माझी जागा, भिंतीकडं तोंड केलेली. तिथून मी त्यांना कशी दिसत असेन, हे मी पहिल्यांदा बघत होते. काय दिसणार? पाठ, अंबाडा, आणि सारखा हलणारा एक कोपर.

“निवड्या, अठ्ठावीस नंबर लाव. मोठ्यानं. आणि शेडात वाजतंय तसं नव्यानं भरून घे.”

माग सुरू झाले. बाई गायला लागली. पहिलं कडवं संपलं. त्यांनी हाक मारली, आणि त्याच्या पाठोपाठ, बासरी यायच्या आत, मी त्यांचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव. ते इथं सांगत नाही. मागाखाली बोललेलं आहे.

तेवढ्यात दारात प्रणोती. शाळेला सुट्टी मिळाली म्हणून लवकर आली होती. तिनं माझे हलणारे ओठ बघितले. कानावर हात ठेवून तिनं खुणेनं विचारलं, काय म्हणालात?

मीही हातानंच सांगितलं, काही नाही, तार तुटली होती.

ती आत गेली. गाणं संपलं.

“आक्का,” निवड्या म्हणाला, “नव्या फाइलीत एक मानवी आवाज अस्पष्ट आहे. साफ करू?”

“हात लावून तर बघ.”

“ठीक आहे. नाव काय देऊ?”

“एक,” मी म्हणाले. “अजून चाळीस व्हायच्यात.”